सात पाहुणे, त्यात एक शाकाहारी

मढ, १८ नोव्हेंबर २०२४

हेमाताई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू ओळखलं असशीलच. फाडून टाकायच्या आधी एवढं वाच. फोनच करणार होते, पण माझा नंबर तू कधीचा ब्लॉक करून ठेवलायस. म्हणून हे पत्र, तेही ऑफिसच्या पत्त्यावर. तुझ्या घरी पाठवायला मी काही वेडी नाही.

काल दुपारी आपल्या होमस्टेच्या फोनवर मुलुंडच्या एका गृहस्थांचा मेसेज आला. नाव विद्याधर. माणूस सभ्य वाटला, प्रत्येक मेसेजच्या आधी नमस्कार आणि शेवटी धन्यवाद. त्यांची पुतणी शर्मिष्ठा नाताळात अमेरिकेहून येतेय, नवऱ्याला आणि मुलीला घेऊन. तिला समुद्रकिनारी राहायचंय. आधी बालीचं ठरत होतं, मग थायलंडचं. शेवटी तीच म्हणाली म्हणे, काका, आपल्या मुंबईला एवढा समुद्र आहे तर विमानात कशाला बसायचं? मला वाळू हवी, नारळाची झाडं हवीत, तिथल्याच माणसांच्या हातचं जेवण हवं आणि तिथली संस्कृती बघायचीय. काकांनी इंटरनेटवर शोधलं तर त्यांना आपलं घर सापडलं. तुला ठाऊक नसेल, वरच्या दोन खोल्यांना मी रंग काढून, बाथरूम बांधून त्या भाड्याने द्यायला लागलेय. जेवण आई करते. लोक जेवणासाठीच येतात, खोल्यांकडे कोण बघतो?

मी नेहमीसारखं विचारलं, माणसं किती, कोण काय खातं. उत्तर आलं, सात पाहुणे, सहाजण मासे खाणारे. खाली लिहिलं होतं, 'आमच्या सूनबाई हेमांगी पूर्ण शाकाहारी आहेत. त्यांना मासळीचा वासही सहन होत नाही. त्यांची वेगळी सोय व्हावी.'

हेमांगी नावाच्या बायका मुंबईत ढिगाने असतील म्हणून मी काकांच्या मेसेजवरचा प्रोफाइल फोटो मोठा करून बघितला. तू डावीकडे उभी आहेस, मोरपंखी साडीत. बारीक झालीस. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले आणि मग मला हसू आलं, खरंच सांगते. लहानपणी भाजलेल्या बोंबलासाठी माझ्या हाताला चावणारी तू, आणि तुला आता वास सहन होत नाही!

बाकीचं मला मालनआत्याकडून कळलंच होतं. कॉलेजसाठी तू तिच्याकडे चेंबूरला राहायला गेलीस, मुकुल भेटला, आणि त्याला तू सांगितलंस की आईवडील दोघंही गेले, आत्यानेच वाढवलं. बाबा गेले होते, ते खरंच होतं. पत्रिकेत बाबांच्या महादू नावाचं महादेव केलंस तेही आम्ही पोटात घातलं. पण आई त्या दिवशी तुझ्या लग्नाच्या हॉलपासून फार लांब नव्हती गं. अंधेरीच्या बाजारात मासळीची पाटी लावून बसली होती. रोजच्यासारखी.

मी विद्याधरकाकांना अजून हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. आईला यातलं काही माहीत नाही. काय सांगू ते कळव.

आणि आईच्या तोंडात फोड आलाय, तो बरा होत नाही. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवलाय. हे तुला लिहायचं नव्हतं. आता लिहिलंय तर खोडत नाही.

समीक्षा


२९ नोव्हेंबर

हेमाताई,

तुझा मेसेज मिळाला, कुणाच्या तरी फोनवरून आलेला. 'रूम फुल आहेत सांग. प्लीज समू.' पाच वर्षांनी आलेलं एवढंसं. पण समू लिहिलंस. माझा राग अर्धा तिथेच उतरला, असली मी मूर्ख.

मी सांगणारच होते की जागा नाही. पण त्याआधीच विद्याधरकाकांचा फोन आला. मी धक्क्यावर, तरीच्या होडीवर पाहुणे आणायला गेले होते, फोन राहिला स्वयंपाकघरात, तो उचलला आईने. मी परत आले तेव्हा ती ओट्याला टेकून त्यांच्याशी गप्पा मारत होती. त्यांनी विचारलं, "मावशी, लोकल कल्चरमध्ये काय काय असतं?" आई म्हणाली, "आमी जसं रावतू तसंच बगायचं. आनि काय?" काका एकदम खूश. सव्वीस ते अठ्ठावीस डिसेंबर, सगळं पक्कं.

फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "एक बाय शाकाहारी हाय. तिला काय घालूया?"

मला खोटं बोलता येत नाही. घरात ती कला एकाच मुलीला मिळाली. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मी फोटो दाखवला. तिने हात पदराला पुसून फोन घेतला, लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. म्हणाली, "लुगडं बरं हाय." आणि लसूण सोलायला बसली.

मी म्हटलं, नाही सांगते त्यांना. तर म्हणाली, "येऊं दे."

आता दुसरं. रिपोर्ट आला. जिभेचा कॅन्सर आहे. सगळा दोष मशेरीचा. आजीपासून सगळ्यांनी लावली, हिच्याच वाट्याला आलं. जानेवारीत ऑपरेशन करायचं म्हणतात, जीभ बहुतेक सगळी काढावी लागेल. जीव वाचेल का, तर डॉक्टर म्हणाले, आशा आहे. बोलता येईल का, तर ते नुसते फाईल बघत राहिले.

घरी पोचल्यावर आई म्हणाली, "तिला सांग, मना वलख देव नुको. कोनासमोर नुको. तिचं घर हाय, तिला तोंड दाखवायचंय थयं. सयपाकघरात येवून एक डाव 'आये' बोलली तरी बास. मना जाब देता येतंय तवरच. मंग कापूंदे जीभ."

मी तिच्या शब्दांत लिहिलंय. माझ्या शब्दांत लिहिलं असतं तर त्यात शिव्या आल्या असत्या.

तिला बाकी काही नकोय. तू तिच्याकडे राहावंस, तिची सेवा करावीस, मुकुलला खरं सांगावंस, यातलं काहीच नाही. तू येणारच आहेस. सासरे तुला इथे आणणारच आहेत, गाडीने, तरीने, बिसलेरीच्या बाटल्या घेऊन. तुला फक्त मागच्या दारी यायचंय आणि एक शब्द बोलायचाय.

एवढं करशील ना?

समीक्षा


२० डिसेंबर

हेमाताई,

तुझं उत्तर नाही. पण बुकिंगही रद्द झालं नाही, म्हणजे येताय. त्या दिवशी आजारी पडायचा विचार असेल तर तो सोड, काकांनी तुझ्यासाठी मुद्दाम दुधीची आणि पडवळाची चौकशी केलीय. तुझ्यावर माया आहे त्यांची. काकूंचाही फोन आला होता, वसुधाकाकूंचा. म्हणाल्या, आमची सून बोलत नाही फारशी, तिला जरा एकटं बसू द्या समुद्राजवळ, लहानपणी आई गेली ना तिची. मी म्हटलं, हो का? अरेरे.

ही माणसं वाईट नाहीत गं. आपण कोळी आहोत म्हटलं असतं तरी त्यांनी तुला सून करून घेतलं असतं, वर आईकडून दर रविवारी पापलेटं घेतली असती. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

तर आता कार्यक्रम ऐक. तुझ्या सासऱ्यांनी तीन दिवसांचा तक्ता करून पाठवलाय, बँकेतला माणूस शेवटी. पहिल्या दिवशी संध्याकाळी किनारा. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटी येताना बघायच्या, मग बायका करतात तो मासळीचा लिलाव, मग बोंबील वाळत घालतात त्या वलांडीपाशी फोटो. दुपारी जेवण. संध्याकाळी शर्मिष्ठाला आपल्या पद्धतीचं लुगडं नेसवायचंय आणि गाणी ऐकायचीयत. तिसऱ्या दिवशी निरोप. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पाहुणे वर झोपतात, कायमच झोपतात, आईच्या कालवणानंतर बसवतच नाही कुणाला. तेव्हा खाली ये. मागचं दार उघडं ठेवीन. आत आई एकटी असेल. मी दारात उभी राहीन, कुणी आलं तर खोकेन.

गल्लीला सांगून ठेवलंय. हे काम सोपं नव्हतं. तू इथे वाढलीस, शेंबड्या पोरापासून सगळ्यांना तू माहीत. घरोघर गेले. म्हटलं, हेमा येणार आहे, तिला ओळखायचं नाही. कुणी कारण विचारलं नाही. सुगंधाकाकी तेवढी म्हणाली, "मी तिला न्हाऊ घातलंय गो, मना कशी वलख लागायची नाय?" मी म्हटलं, काकी, त्या दिवशी तुमचा चष्मा घरी ठेवा. ती रडली, पण कबूल झाली. अख्खी कोळ्यांची गल्ली एका पोरीला न ओळखायची तालीम करतेय. शर्मिष्ठाला संस्कृती बघायची ना? ही बघ म्हणावं.

बाबांचा फोटो भिंतीवरून काढला. तुझं नाक त्यांच्यावर गेलंय, मुकुलने वर बघितलं असतं तर पंचाईत झाली असती. तिथे भिंतीला चौकोन पडलाय, त्यावर कॅलेंडर लावलं.

आई रोज काहीतरी ठरवते आणि मोडते. तुला काय घालायचं यावर तिची झोप उडालीय. वरण तिला नीट येत नाही हे तुला माहीत आहे. काल तिने दुधी आणला आणि त्यात सवयीने कोळी मसाला घातला, चिंच घातली. चाखता येत नाही तिला आता, झोंबतं. मला चाखायला दिलं. मी म्हटलं, झकास झालंय. मासळी नसलेलं कालवण होतं ते.

ये. उशीर करू नकोस.

समीक्षा


३० डिसेंबर

हेमाताई,

तू तीन दिवस मान खाली घालून होतीस. तुला जे दिसलं नाही ते सांगते.

तरीतून उतरताना तुझ्या सासूबाईंचा पाय घसरला, त्यांना आईने धरलं. तू मागे होतीस. आईने दोन्ही हातांनी काकूंना धरलं होतं आणि बघत तुझ्याकडे होती. काकू म्हणाल्या, "ही आमची सून हेमांगी." आई म्हणाली, "या बाय." तू नमस्कार केलास, लांबून, पाहुण्यासारखा. सुगंधाकाकी चष्मा न लावता पायरीवर बसली होती. तू तिच्यासमोरून गेलीस तेव्हा तिने डोळेसुद्धा मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला आईने जे केलं ते तिने माझ्या जन्मात केलं नव्हतं. पापलेट, तळलेले ओले बोंबील, चिंबोऱ्या, कोळंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. शर्मिष्ठा एकेका गोष्टीचा फोटो काढत होती. तुझ्या पानात दुधी, वरण, भात. आई सगळ्यांना वाढत फिरत होती, तुझ्यापाशी आली की तिचा हात थांबायचा. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मी तिच्या हातातलं भांडं घेतलं.

मग काकूंनी तो विषय काढला. चांगल्या मनाने काढला. आईला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही किती मायेने वाढता हो. आमच्या हेमांगीला आईच्या हातचं आठवतही नसेल. मुलगा नाही, कुणी नाही मागे त्या माऊलीच्या. म्हणून आम्हीच सर्वपित्रीला तिच्या नावाचं पान काढतो, दरवर्षी."

आई उभी होती, हातात भाकरीची टोपली. मला वाटलं टोपली पडणार. नाही पडली. तिने विचारलं, "नाव काय व्हतं तिचं?"

तू पानात भात कालवत होतीस. मुकुल म्हणाला, "माधुरी."

"चांगलं नाव हाय," आई म्हणाली. मग विचारलं, "कावला शिवतो?"

काकू म्हणाल्या, "तेच तर ना! बाकीची पानं ठेवायचा अवकाश, उचलतात. तिचं पान तसंच राहतं. संध्याकाळी आम्ही गाईला घालतो. काहीतरी इच्छा राहिली असणार हो बिचारीची."

"ऱ्हायली असंल," आई म्हणाली. "ठेवताव काय पानात?"

"खीर, वडे, वरणभात. हिला विचारलं होतं आईला काय आवडायचं, तर म्हणते, तिची काही आवडनिवड नव्हती."

आईने तुझ्याकडे बघितलं. जेवताना तू एकदाच वर बघितलंस ते तेव्हा. मला तुझे डोळे दिसले, म्हणून तुला एक गोष्ट माफ आहे. फक्त एक.

जिवंत आईचं पान ठेवलंस, ठेवलंस. पण नावसुद्धा दुसऱ्याच बाईचं दिलंस? कावळ्याने तरी कुणासाठी यायचं?

मग सगळे वर झोपायला गेले. मी मागचं दार उघडं ठेवलं आणि बाहेर उभी राहिले. आईने हात धुतले, पदर नीट केला, पाटावर बसली, पुन्हा उठली, केसांवरून पाण्याचा हात फिरवला. तू आलीस. हातात ताटं होती, उष्टी, सगळ्यांची. पाहुण्यांनी ताटं उचलायची नसतात, तू तेच निमित्त केलंस. मला बरं वाटलं, म्हटलं, आली बाई. मोरीपाशी ताटं ठेवायला वाकलीस, आणि मी दाराआडून बघितलं. मुकुलच्या ताटातल्या कालवणात तू बोट बुडवलंस आणि चाटलंस. मग परत. मग तिसऱ्यांदा, पुरं ताट निपटलंस. डोळे मिटून.

मग आत गेलीस. आई उभी राहिली. मी मनात म्हणत होते, बोल, बोल, बोल. जिन्यावर काही वाजलं नव्हतं, कुणी आलं नव्हतं, मी खोकले नव्हते. तुला कुणाचीही भीती नव्हती त्या वेळी. तुझ्या ओठांची हालचाल झाली. तू म्हणालीस,

"मावशी, पाणी मिळेल का?"

आईने माठातलं पाणी दिलं. तू प्यालीस, भांडं उपडं ठेवलंस, आपण लहानपणी ठेवायचो तसं. आणि वर गेलीस.

संध्याकाळी तिने शर्मिष्ठाला लुगडं नेसवलं, बायकांनी गाणी म्हटली, आईने टाळ्यांचा ठेका धरला. शर्मिष्ठाची मुलगी तिला बिलगून बसली होती. तू गॅलरीत होतीस, डोकं दुखतंय म्हणून.

तुम्ही गेल्यावर मी तिला ते बोट चाटल्याचं सांगितलं. सांगणार नव्हते, पण ती ओट्याकडे बघत बसली होती, मला राहवलं नाही. ती हसली. कित्येक दिवसांनी हसली. म्हणाली, "मीठ कमी झालतं. कललं असंल तिला."

मला तुझ्या सासूबाईंना फोन करून सगळं सांगायचं होतं, नंबर लावलाही होता. आईने फोन काढून घेतला आणि बाबांची शपथ घातली. म्हणाली, "मी मेलंय थयं. मेलेलं मानूस उठून बसला त घरातली मानसं भितात. ऱ्हाऊं दे."

समीक्षा


१६ जानेवारी २०२५

ताई,

फार लिहीत नाही. ऑपरेशन सोमवारी सकाळी आहे. नंबर सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय, आईचा स्वतःचा, नवीन घेतलाय. तो फक्त तिच्याकडे असतो. बटण कसं दाबायचं ते मी तिला शिकवलंय. तू कुठूनही कर, ऑफिसातून, रस्त्यावरून, संडासातून कर. नाव सांगू नकोस. रडलीस तरी चालेल. ती उशाशी घेऊन झोपते.

मी भांडत नाही. हात जोडून सांगतेय.

समू


२२ जानेवारी

हेमाताई,

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, व्यवस्थित झालं. नाकातून नळी आहे, शुद्धीवर आहे, मला ओळखते.

तो फोन दोनदा वाजला होता. एकदा कंपनीचा, एकदा कुणीतरी रिक्षावाला समजून केलेला. दोन्ही वेळा तिने पहिल्या रिंगला उचलला.

तुला वाटत असेल आत जाताना ती तुझं नाव घेत होती. तसं काही नाही. मला म्हणाली, मागचं दार नीट लाव, मांजर शिरतं. तेच तिचं शेवटचं बोलणं. नंतर आयाबाईने तिचं स्ट्रेचर ढकलत नेलं.

तुझ्या ऑफिसात मी विचारलं. तू रजेवर नव्हतीस. रोज येत होतीस.

समीक्षा


२५ ऑगस्ट

हेमाताई,

हे पत्र पोचेल तेव्हा तुला माहीत असेलच. कसं कळलं तेही मला माहीत आहे, मी ऐकत होते.

आई काल सकाळी गेली. एप्रिलपासून पुन्हा पसरलं होतं, मानेपर्यंत. तुला कळवलं नाही कारण तिने कळवू दिलं नाही. बोलता येत नव्हतं, पण तुझं नाव काढलं की हात उचलून नाही म्हणायची. रागाने नाही. तुझ्या फोनची वाट बघायचं तिने सोडलं होतं आणि मग तिला जरा बरं वाटत होतं, असं मला वाटतं. शेवटचे दोन महिने ती पायरीवर बसून बायकांना मासळी निवडताना बघायची. चुकलं तर बोट दाखवायची. अग्नी मी दिला. गल्लीतले सगळे होते. सुगंधाकाकीने मोठ्याने विचारलं, मोठीला कळवलं का? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी एकटीच आहे.

आज सकाळी होमस्टेचा फोन वाजला. मी उचलणार नव्हते. वसुधाकाकू होत्या. म्हणाल्या, "समीक्षा, बुधवारी गणपती बसतोय गं आमच्याकडे. मावशींना घेऊन ये दर्शनाला. शर्मिष्ठा अजून आठवण काढते त्यांची, आमच्या घरात तर रोज एकदा तरी मढचा विषय निघतो. त्यांना गाडी पाठवते मी अंधेरीपर्यंत."

मी सांगितलं की काल गेल्या.

काकू खरंच रडल्या, ताई. एवढ्याशा ओळखीवर. आजार विचारला, मी सांगितला. म्हणाल्या, अगं, म्हणजे आम्ही आलो होतो तेव्हा त्यांना हे होतं? आणि एवढं रांधलं? मी हो म्हटलं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. बाबांची शपथ आता कुणाला सांभाळायची होती? शपथ घालणारी पण गेली. तरी नाही बोलले. का, ते मला विचारू नकोस.

मग त्या म्हणाल्या, "थांब हं, हेमांगी इथेच आहे, मोदकांचं सामान काढतेय. तिला सांगते." फोन त्यांच्या हातातच राहिला असणार, मला सगळं ऐकू येत होतं. तुमच्याकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला. त्या म्हणाल्या, "अगं, त्या मढच्या मावशी गेल्या."

आणि तुझा आवाज आला. आठ महिन्यांनी ऐकला, पण लगेच ओळखला.

"कोण मावशी?" तू विचारलंस.

काकूंनी समजावून सांगितलं, अगं त्या, समुद्रावरच्या, दुधीची आमटी केली होती तुझ्यासाठी. मग तू म्हणालीस, "अरेरे. कशाने?" आणि मिक्सर पुन्हा चालू झाला.

तू तिथेच उभी असशील, खोबऱ्याचे हात घेऊन, आणि तुझं काय झालं असेल ते मला कळत नाही असं नाही. बहीण आहे मी. पण मला आता कळून घ्यायचं नाही.

हे पत्र एका कामासाठी लिहितेय, नाहीतर लिहिलं नसतं. उद्याच तुझ्या ऑफिसात पोचावं म्हणून माणसाहाती पाठवतेय. आईच्या माघारी घरातली रीतभात सांगणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवस असतं, कळल्यापासून. म्हणजे बुधवारी तुला आहे. देवाच्या खोलीत जाऊ नकोस. मोदकाच्या उकडीला हात लावू नकोस, आरतीचं ताट धरू नकोस. तुझ्या सासूबाई सोवळ्याओवळ्याचं पाळतात, त्यांच्या देवाला तुझ्या हातून विटाळ नको. त्यांनी माझ्या आईसाठी डोळ्यांतून पाणी काढलंय.

त्यांना काय कारण सांगायचं ते तुझं तू बघ. कारणं तुला सुचतात.

समीक्षा